एंजल मासे आणि आत्याचं पत्र

पडाव किनाऱ्यावरून सुटला तेव्हा आत्या गुडघाभर पाण्यात उभी होती. आगबोट मालवणच्या बंदरात लांब, खोल पाण्यात थांबायची आणि माणसांना छोट्या पडावातून तिथवर नेत. बाबांनी मला उचलून पडावात बसवलं, पण मी आत्याच्या लुगड्याचा पदर सोडेना. शेवटी तिनेच माझी बोटं एकेक करून सोडवली.

"जा गो बाय. थंय शाळा बरी आसा. बापाशीक त्रास दिव नको," ती म्हणाली. "आणि फाटी बघू नको."

मी बघितलंच. पडाव आगबोटीला लागेपर्यंत ती पाण्यातच होती.

सत्तावन-अठ्ठावन साल असेल. मी नऊ वर्षांची. आई मला जन्म देऊन गेली, बाबा मुंबईला. मला वाढवलं ते आत्याने. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तारकर्लीच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. बाबा वर्षातून एकदा गणपतीला यायचे, तेव्हा मी आत्याच्या मागे लपायचे. गावची शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून ते मला न्यायला आले. आत्याने का नाही यायचं, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "घराक दिवो कोण लावतलो?" तेव्हा मला ते उत्तर पुरेसं वाटलं होतं.

मुंबईत आमची गिरगावात एक खोली. शेजारी सरूमावशींची खानावळ होती, तिथे दोन्ही वेळचं जेवण. मावशी देवगडच्या, स्वयंपाक आमच्यासारखाच, वाटणही तेच. तरी मला घास जात नसे. दोन घास खाऊन मी ताटावरून उठायचे. शाळेत मी "माका" म्हटलं की पोरी हसायच्या, म्हणून तिथे बोलणंही बंद केलं. बाबांनी वैद्यांचं औषध आणलं, बत्तासे आणले, एकदा बाहुली आणली. मी खोलीच्या कोपऱ्यात ट्रंकेला पाठ लावून बसायचे.

बाबा शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होते. काय करावं सुचेना, तेव्हा श्रावणात एक दिवस शाळेतून परस्पर मला दुकानात घेऊन गेले. त्या दिवशी कलकत्त्याहून रेल्वेने पत्र्याचे डबे आले होते. बाबांनी एका डब्याचं झाकण काढलं. आत गढूळ पाण्यात चपटे, लांब परांचे मासे. बाबा म्हणाले, हे एंजल. अंगावर काळे पट्टे असतात, पण प्रवासात ते पार फिके पडले होते. दोन मरून तरंगत होते.

मला वाटलं, आता यांना पटकन त्या स्वच्छ टाकीत सोडतील. मी हात पुढे केला तर बाबांनी धरला.

"लगेच टाकूचा नाय, बाय. मरतले. आधी नवा पाणी ह्यांच्या जुन्या पाण्यात घालूचा. वाटी वाटी."

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. संध्याकाळभर मी टाकीतलं पाणी डब्यात घालत होते. एक वाटी, मग थांबायचं, मग पुन्हा एक. जाळीने धरलं तर पर फाटतात, म्हणून बाबांनी एकेक मासा वाडग्यातच घेऊन टाकीत सोडला. टाकीवर काळं फडकं टाकलं. मी खायला घालायला निघाले तर म्हणाले, "आज खावक नको. आज नुसते ऱ्हवांदेत."

दुसऱ्या दिवशी बाकीचे मासे फिरू लागले. एक मात्र कोपऱ्यातल्या वनस्पतीमागे तिरका होऊन राहिला. बाबांनी मला त्याच्यासमोर स्टुलावर बसवलं. काचेवर टकटक करायची नाही, फक्त बसायचं, म्हणजे त्याला आपली सवय होते. मी रोज बसले. चौथ्या दिवशी मी सोडलेला बारीक लाल किडा त्याने पुढे येऊन घेतला. मी ओरडलेच. मुंबईत आल्यापासूनचा तो माझा पहिला मोठा आवाज. त्या दिवशी सरूमावशींकडे मी बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मग ते हात धुवायच्या निमित्ताने उठून गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

त्यानंतर मी आत्याला पोस्टकार्डं लिहू लागले. माशाचे पट्टे परत काळे झाले, पाढ्यांत पहिली आले, असलं काहीबाही. तिला वाचता येत नसे. पोस्टमन वाचून दाखवी आणि तिचं उत्तर लिहूनही देई. तिची पत्रं दुकानाच्या पत्त्यावर येत. दिवाळीच्या सुमारास ती बंद झाली. बाबा म्हणाले, जुना पोस्टमन बदलला, तिला लिहून द्यायला कोणी नाही. तू लिहीत जा, मी पेटीत टाकतो.

कार्तिकात बाबा मला सरूमावशींकडे ठेवून मासे आणायला कलकत्त्याला गेले. पंधरा दिवसांनी आले ते मिशी काढून. त्यांचा तो उघडा, पोरका चेहरा बघून मी खदखदून हसले. मावशींनी मला दटावलं. बाबा म्हणाले, "हसू दे गो तिका."

वैशाखात आम्ही गावी निघालो. आत्यासाठी मी माझ्या हाताने रुमाल विणला होता. सकाळी आगबोटीच्या कठड्याशी उभी राहून मी किनारा शोधत होते. बाबा जवळ आले.

"आत्या आता घराक नाय, बाय. कार्तिकात गेली."

मला कळलंच नाही. मी विचारलं, "खंय गेली?"

मग त्यांनी पिशवीतून पत्रं काढली. माझी सात पोस्टकार्डं, न टाकलेली. आणि एक आत्याचं, पोस्टमनच्या अक्षरात. ताप उतरत नाही, असं लिहिलं होतं. खाली माझ्याबद्दल एवढंच: चेडवाक एकदा घेवन ये. बघूचा वाटता.

"तू तेवाच खंय जेवूक लागललंस," बाबा म्हणाले. "परत थंय नेलंय असतंय तर तू इलंस नसतंस. माका धीर होवक नाय."

कलकत्ता नव्हतंच. तिचं सगळं करून ते परत आले होते, आणि मी त्यांना हसले होते.

पुढची कित्येक वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ओळखीच्या बायका म्हणत, बापाने तुझ्या भल्यासाठीच केलं. असेल. पण मी आले नाही म्हणून तिने काय समजून डोळे मिटले, हे मला कोणी सांगू शकत नव्हतं. मॅट्रिक झाले, शाळेत शिक्षिका झाले. गावच्या घराला कुलूप लागलं.

साठचं दशक सरत आलं तेव्हा बाबांनी अंथरूण धरलं. एक दिवस दुपारी मी शाळेतून आले तर ते जागे होते.

"तुका सांगूक होया होता मी," ते म्हणाले. दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

मनात आलं, म्हणावं, होय, हवं होतं. तेवढे शब्द मी एवढी वर्षं तयार ठेवले होते. पण अंथरुणावरच्या त्या माणसाकडे बघून ते निघेनात.

"आधी जेवा, बाबा," मी म्हणाले.

पेज कालवून मी त्यांना भरवली. त्यांनी सगळी खाल्ली.

आमच्यातले जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे मुंबईला आले, ते भेटले की मला विचारतात, आता घर कुठलं? गिरगावातली खोली म्हणू की तारकर्लीचं कुलूप? मला आठवते ती दुपार. मी आणि बाबा, मध्ये पेजेची वाटी. घर तेवढंच उरलं होतं, आणि त्यात एक माणूस कमी होतं.