गिअर टाकला की मरणारी गाडी

हसायचं असेल तं आत्ताच हसून घ्या. मधी कोणी हसलं की माझं डोकं फिरतं, अन मग गोष्ट राहते बाजूला. तशी ही भानगड आमच्या घरचीनं गावभर वाटलीच आहे. पण तिच्या सांगण्यात तिखट जास्त असतं. म्हणून म्हणलं, माझी इज्जत आहे, ती मीच घालवतो.

आम्ही धुळ्याजवळच्या सोनगीरकडचे. कांदा, कपाशी, दोन म्हशी. शाळेत मी पाचवीपर्यंत गेलो, पुढं मास्तरचं अन माझं जमलं नाही. पण मशीनमधलं मला कोणी शिकवायचं नाही. ट्रॅक्टर खोलतो, विहिरीतली मोटार काढतो, नुसत्या आवाजावरून सांगतो कुठं दुखतंय. निदान तवा तरी असं छाती ठोकून सांगत होतो.

तं झालं असं. सुनंदाला, म्हणजे आमच्या घरचीला, समुद्र पाहायचा होता. लग्न झाल्यापासून तिचं ते चालू होतं. एक दिवस तिचा भाऊ जेवायला आला. खाता खाता म्हणतो, "अक्का, दिवाळी झाली की चल माझ्या कारमधी. कोकण दाखवतो तुला."

माझा घास तोंडातच राहिला. मी म्हणलो, "तुझ्या कारची काही गरज नाही. माझी बायको माझ्या गाडीवर जाईल."

"कोणती गाडी?" सुनंदा म्हणली. "तो खटारा? त्यावर धुळ्याले जाता जाता मनी कंबर मोडी जास."

"लांब पल्ल्याची घेसू. जुनी का होईना, पण दणकट."

"घ्या. पण पसंत मी करसू. अन तुमनाकडथीन नही जमनं तं मी भाऊनी कारमा जासू. तुम्ही म्हशी सांभाळा."

मेव्हणा मान खाली घालून वरण भुरकू राहिला होता. हसत होता का, ते दिसलं नाही. पण खांदे हलत होते.

आता तुम्हीच सांगा. बायको मेव्हण्याच्या कारमधी समुद्रावर, अन मी इथं शेण काढू राहिलो. सहन होईल का माणसाला?

शोधता शोधता पत्ता लागला. जळगावला मेहरूणमधी एक नाना राहतात. सरकारी नोकरीतून रिटायर. बुवानं आख्खा देश मोटरसायकलवर पाहिलेला. आता गुडघे गेले, डॉक्टरनं गाडी बंद केली. त्यांच्याकडं दोन गाड्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या. एक जुनी, किकवाली. दुसरी तिचीच नवी आवृत्ती, पण तीही वापरलेली. कंपनीचं नाव नाही सांगत, उगाच कोणी भांडायला यायचं.

आम्ही दोघं येष्टीनं गेलो. नानांनी चहा पाजला, मग शेडचं दार उघडलं. दोन्ही गाड्या अशा पुसलेल्या की त्यात माझं तोंड दिसलं.

"यातली कोणतीही एक न्या," नाना म्हणले. "राहील ती माझ्याकडं. चालवणार नाही, नुसती पुसत बसेन."

मी बैल पाहतो तसं सुरू केलं. चारी बाजूनं फिरलो. टाकीवर थाप मारली. खाली वाकून पोट पाहिलं. चाकाला लाथ मारली, तवा नानांनी डोळे मिटून घेतले.

नाना सांगू लागले, "भाऊ, जुनीत मशीन साधं आहे. कुठंही बिघडली तरी रस्त्यावरचा मिस्त्री करून देतो. पण हादरते. नवीला दोन्ही चाकांना डिस्क, पुढं वारा अडवायला काच, मागं बसणाऱ्याला टेकायला पाठ. तिच्यात सेन्सर फार आहेत. चूक झाली की ती—"

"नाना, मशीनचं मला नका सांगू," मी म्हणलो. "चालवली की मी ओळखतो."

सुनंदा तोवर नवीवर चढून बसली पण. मागं टेकून पाहिलं, हातानं गादी दाबली. "हाई बरी शे. घरना पलंग बी इतला मऊ नही."

"पलंग घेवाले आलो का आपण?" मी म्हणलो. "उतर. आधी मशीन पाहू दे."

नानांनी दोन्ही गाड्या गल्लीत काढून उभ्या करून दिल्या. मी नवीवर बसलो. बटन दाबलं, गाडी सुरू. आवाज कसा, मांजर झोपेत घुरघुरतं तसा. मनात म्हणलं, चला, बायकोचंही होईल अन आपलंही होईल. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला.

गाडी बंद.

परत बटन. सुरू. परत गिअर. बंद.

"भाऊ," नाना म्हणले, "ते खाली—"

"थांबा हो नाना."

तिसऱ्यांदा तेच. आता माझ्या कानातून वाफ निघायला लागली. मी म्हणलो, "नाना, उभी असली तं चालते, अन चालवायला गेलं की मरते. असली गाडी विकता?"

"अहो भाऊ, तुम्ही जरा खाली बघा, ते—"

"खाली काय बघू? तुमच्या पाया पडू का?"

सुनंदा म्हणली, "अहो, नाना काहीतरी सांगी राहिनात. ऐकी तं ल्या."

"तू गप बस. तुला पलंग पाहिजे."

तेवढ्यात मेहरूणच्या तळ्यावर फिरायला गेलेला एक जण परत येत होता. पांढरे बूट, गळ्यात नॅपकिन. थांबला. म्हणला, "काय झालं?" त्याच्यामागून अजून एक जण आला. जळगाव काय अन सोनगीर काय, बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं सारखीच जमतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वायरिंग गेलेलं आहे, मालकाला माहीत आहे, अन मालक लपवू राहिला आहे. म्हणलं, "तुम्ही दोघं धक्का मारा. मी दाखवतो."

बिचाऱ्यांनी मारला धक्का. मी गिअर टाकून क्लच सोडला. चाक घासलं, फर्र झालं, बस. परत धक्का. असं करत करत आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. पांढऱ्या बुटाचे बूट काही पांढरे राहिले नाहीत. अन मागून नाना दोन्ही गुडघे धरून पळत येऊ राहिले, "भाऊ... स्टँ... भाऊ..." दम लागलेला, शब्द पुरा होईना.

मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून घाबरले. मी ओरडलो, "आता कशाला पळता? आधी सांगायचं होतं."

नाना जवळ आले. एका ओट्यावर टेकले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, अन मिटलं.

"तुम्हाला ही नको ना?" नाना म्हणले.

"फुकट दिली तरी नको."

"मग जुनी न्या. ती तुमच्यासारखीच आहे. काही सांगत नाही अन काही ऐकत नाही."

मला वाटलं, कौतुक केलं. खरं सांगतो, मी खूश झालो.

नवी ढकलत परत आणली. जुनीवर बसलो. एका किकला सुरू. दण दण दण दण, गल्लीतल्या खिडक्या थरथरल्या. गिअर टाकला. बंद पडली का? नाही पडली. मी सगळ्यांकडं पाहिलं. "ह्याला म्हणतात गाडी," म्हणलो. "नव्या मालात दम नाही." सुनंदाला म्हणलो, "बस."

ती म्हणली, "आधी तुम्ही एक चक्कर मारी या. मंग देखसू."

बरं झालं बाई नाही बसली.

निघालो. पांढरे बूट, दुसरा भाऊ, नाना, सुनंदा, सगळे ओळीत उभे. मी एक हात सोडून मिशीवरून फिरवला. पुढं गल्ली डावीकडं वळते. मीही झोकात डावीकडं वळलो, गाडी जरा वाकवली. अन खालून असा आवाज आला, कोणी खडकात पहार मारावी तसा. मागचं चाक उचललं. पुढं मला आभाळ दिसलं, मग एका घराचं बांधकाम दिसलं, अन मग मी त्या बांधकामाच्या वाळूत बसलेलो होतो. मांडी घालून. गाडी बाजूला आडवी, चाक अजून फिरत होतं.

सगळ्यात आधी पांढरे बूट आले. म्हणले, "स्टँड खाली होता हो भाऊ. साईड स्टँड."

मी पाहिलं. खरंच खाली होता. बकरीच्या पायासारखा बाहेर आलेला.

आता तुम्ही म्हणाल, इतका कसा आंधळा? ऐका. आमच्या खटाऱ्याचा स्टँड कधीचाच तुटून पडला. तो आम्ही गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतो. बसायचं अन निघायचं. स्टँड वर करायचा असतो, हे माझ्या पायालाच माहीत राहिलं नव्हतं.

नाना हळूहळू चालत आले. आधी गाडीला काही लागलं का ते पाहिलं, मग मला. मग मला हात धरून नवीजवळ नेलं. तिचाही स्टँड खालीच. नानांनी चपलेच्या टोकानं तो वर केला, बटन दाबलं, गिअर टाकला. गाडी अशी पुढं सरकली, लोण्यातून सुरी जावी तशी.

"स्टँड खाली असेल तर ही गिअरमधी चालतच नाही," नाना म्हणले. "माणूस पडू नये म्हणून. हेच मी सांगत होतो."

"मग नीट सांगायचं ना," मी म्हणलो.

पांढऱ्या बुटानं गळ्यातला नॅपकिन तोंडात धरला. सुनंदानं माझ्या कानातली वाळू काढली, अन नानांना म्हणली, "नाना, आमले नवी द्या."

नाना म्हणले, "देतो. पण ह्यांना नाही. तुम्हाला देतो, वहिनी. कागद तुमच्या नावावर, चावी तुमच्या हातात. ह्यांनी मागितली की द्यायची, अन डोकं फिरलं की काढून घ्यायची."

मी भांडणार होतो. पण वाळूत बसून आलेला माणूस किती भांडणार? अन मेव्हण्याची कार डोळ्यापुढं उभी होती. म्हणलं, घ्या बाई तुमच्या नावावर. गाडी तं गाडी, समुद्र तं गाठू.

अन गाठला. दिवाळीनंतर गेलो. मेव्हण्याला मुद्दाम घरापासून निघताना फोन केला. सुनंदा आख्ख्या रस्त्यात मागं टेकून बसली, अन समुद्र दिसला तवा माझ्या पाठीत असा गुद्दा मारला की मी समजलो, बाई खूश आहे.

वाळूच्या कडेला एक चहाची टपरी होती. चहावाल्यानं कप असा दिला, अर्धा चहा, अर्धा फेस. मी बोललो. तो बोलला. मी अजून बोललो. मग तणतणत गाडीकडं आलो अन बसलो. बटन दाबलं.

काही नाही. काटा हलेना, दिवा लागेना.

पण आता मी शिकलेला माणूस होतो. खाली पाहिलं. स्टँड वर. हातानं चाचपून पाहिला. वरच. तिथल्या दोन-चार माणसांना गोळा केलं अन समजावून सांगितलं, नव्या गाडीत सेन्सर असतो, स्टँड खाली असला की बंद, पण बघा, स्टँड तं वर आहे, म्हणजे बिघाड आतला आहे. माणसं माना हलवू राहिली. मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात तो चहावाला टपरीतून वाकून म्हणला, "अहो पाहुणे, ती चावी—"

"तुम्ही चहा बघा," मी म्हणलो. "मशीनचं मला नका शिकवू." अन माणसांना म्हणलो, "मारा धक्का."

टपरीच्या बाकड्यावर सुनंदा समुद्राकडं तोंड करून चहा पिऊ राहिली होती. बोटात चावी फिरवत. चहावाल्याला म्हणली, "राहू द्या भाऊ. त्यासले मशीनमधलं सगळं येस."