मँडरिनच्या बाई
जास्मिन चहाचा वास आला की मला मिशिगनमधल्या आमच्या गावातल्या शाळेचा तो गार हॉल आठवतो. मुलीच्या शाळेतले मँडरिनचे वर्ग चीन सरकारच्या पैशावर चालायचे, ते बंद करा अशी गावकऱ्यांची मागणी होती, आणि त्या संध्याकाळी शाळेच्या बोर्डाची मीटिंग होती. ते वर्ग घ्यायला चीनहून आलेल्या तरुण बाई माझ्या शेजारीच बसून थर्मासमधला तो चहा घोट घोट पीत होत्या. एक वयस्कर गृहस्थ माइकवर म्हणाले, "मुलांनी भाषा जरूर शिकावी, पण आपल्या पैशाने. पैसे देणारा हळूहळू काय शिकवायचं तेही ठरवायला लागतो." टाळ्या पडल्या, मतदान झालं आणि वर्ग बंद करायचं ठरलं. माझ्या मुलीला रडू फुटलं, "बट शी डिडन्ट डू एनिथिंग, आई!" जाताना ते गृहस्थ बाईंपाशी थांबले आणि म्हणाले, "हे तुमच्याविरुद्ध नव्हतं." बाई उठून उभ्या राहिल्या. "मला माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण चीनला परत मीच जाणार आहे." डोक्यावरची टोपी काढून ते गृहस्थ तसेच उभे राहिले. जूनमध्ये बाई गेल्या. इतक्या वर्षांनंतरही मला त्या दोघांपैकी कुणाचंच म्हणणं खोटं वाटत नाही.