हंगामी कारखाने वगळून

सकाळी चहा घेऊन गेले तर आबा, माझे सासरे, उठलेच नाहीत. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, पुण्यवान माणूस. शोकसभेत जिनिंगवाल्यांच्या संघटनेने त्यांना आधारस्तंभ वगैरे म्हणून घेतलं. महिना होत आला. आता घरातल्या माणसानेही बोलायला हरकत नाही...

धरणगावला आमचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. ऐंशीच्या दशकात संघटनेचे चिटणीस आबाच. मुंबईला सरकारदरबारी जायचं ठरलं, की निवेदनाच्या आधी घरातून भरताची हिरवी वांगी निघत, सोबत ती भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्यांची मोळी. गॅसवरचं भरीत त्यांना पटत नसे. साहेबलोकांच्या अंगणात ते स्वतः जाळ घालून बसत. "आधी जेवा साहेब, कायदा कुठे पळून जातो?" असं म्हणत आग्रहाने वाढत. एका वर्षी कामावरच्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी कारखान्यात वेगळी खोली आणि सांभाळायला बाई ठेवायची सक्ती होणार होती. आबा भरीत वाढून परतले आणि मसुद्यात शब्द पडले: हंगामी कारखाने वगळून. जिनिंग चालतं हंगामापुरतंच, म्हणजे आम्ही सुटलो. घरी पेढे आले.

बायका मुलांना कापसाच्या ढिगावरच निजवत. मऊ, उबदार जागा. आमच्याकडच्या सुभद्रानेही निजवलं आणि कामाला लागली. पलीकडून कुणी टोपल्या ओतत गेलं, खाली पोर आहे हे ठाऊक नसताना. सापडलं तेव्हा सगळं संपलं होतं. आबा तिच्या घरी जाऊन ढसाढसा रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग संघटनेच्या पुढच्याच बैठकीत त्यांनी ठराव आणला: तान्हं मूल असलेली बाई कामावर घ्यायची नाही. एकमताने मंजूर झाला. त्या माणसाचा मला अजून संताप येतो, आणि ताटात भरीत आलं की आठवणही येते.

आबांच्या खोलीत त्यांची गादी तशीच आहे, आमच्याच जिनिंगमधल्या कापसाची. तेराव्यानंतर ती उन्हात टाकायला काढत होते, तेव्हा सुभद्रा भेटायला आली.

"आबा कसा गयात?"

"झोपेतच गं. काही त्रास झाला नाही."

तिने गादीवरून हात फिरवला.

"मना पोऱ्याबी झोपमाच गया," ती म्हणाली, आणि गादीचं दुसरं टोक उचलायला वाकली.