देवाचा डावा डोळा

पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता. त्यात मला सगळं करायला मिळे, फक्त डोळे सोडून. मूर्तीला पाण्याचा हात फिरवणं, पॉलिश पेपर घासणं, पितांबर रंगवणं, मुकुटाला सोनेरी लावणं, सगळं माझ्याकडे. डोळे रंगवण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात, आणि आखणी बाबा एकटेच करत. मूर्ती पुरी रंगली की सगळ्यात शेवटी, पाटावर मांडी घालून, श्वास रोखून. मी ब्रश मागितला की उत्तर ठरलेलं. "तुजं बूड एका जागी टिकत नाय. देवाची नजर कशी टिकंल?"

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबायचं. शिवणाचा क्लास मी एका ब्लाउजवर सोडला होता. टायपिंग अर्ध्यात टाकलं. कॉलेज संपलं तरी पुढे काय ते ठरत नव्हतं, आणि कारखान्यात तासभर बसले की पाय आपोआप बाहेरच्या रस्त्याकडे वळत. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण डोळे मात्र मला हवेच होते. बाकीचं काम कुणीही करेल, डोळे म्हणजे आपलं काम, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

शेवटी आईनेच मला रोह्याला मावशीकडे पाठवायला सुरुवात केली. मावशीचे यजमान, म्हणजे काका, घराच्या पुढच्या खोलीत कंप्युटर क्लास चालवत. जवळच्या धाटावच्या कंपनीत लागायचं स्वप्न बघणारी मुलं तिथे शिकायला येत. मी एक दिवसाआड सकाळच्या एसटीने वडखळ, गडब, नागोठणे करत जायची आणि काकांना मदत करता करता शिकायची. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. काकांनी नुकतंच इंटरनेट घेतलं होतं. फोनच्या लाइनवर चालणारा मोडेम आधी किंचाळे, मग खाकरे, आणि नशीब असेल तर लागे.

तिथे मला पहिल्यांदा माझ्या स्वभावाला साजेसं काम सापडलं. वेबपेज. नोटपॅडमध्ये खुणा टाइप करायच्या आणि ब्राउझरमध्ये त्याचं पान झालेलं बघायचं. एक कंस विसरला की अर्धं पान गायब. मग शोधत बसा. पण बसावं लागतंय असं वाटायचंच नाही, कारण दर मिनिटाला काहीतरी बदलत होतं. दुसऱ्यांची पानं उघडून त्यांच्या आतल्या खुणा बघायचा मला नादच लागला. आज मागे विटांची भिंत, उद्या चांदण्या, परवा पाण्याचे थेंब. अक्षरं डावीकडून उजवीकडे पळवली, मग लुकलुकती केली. काका म्हणाले, "अगो, वाचणाऱ्याला चक्कर येईल." मराठी अक्षरांचं तर वेगळंच दुखणं होतं. समोरच्याच्या मशीनमध्ये तोच फॉन्ट नसला की नुसता चिवडा दिसे. म्हणून मी 'पेणचा गणपती' हे शब्दसुद्धा चित्र म्हणून काढले.

आणि खाली गणपती काढला. पेंट नावाच्या प्रोग्राममध्ये, माउसने. माउस हातात साबणाच्या वडीसारखा सटकायचा, पण चुकलं तर मागे येता येत होतं. तीनदा मागे येता यायचं, त्याहून जास्त नाही, तरी मला ते तीनदा म्हणजे केवढं राज्य वाटलं! कारखान्यात एकदा रेघ गेली की गेली. इथे मी देवाचा उजवा डोळा काढला, पुसला, काढला, पुसला. आठवडाभर तेच. शेवटी जमला. शांत, किंचित खाली झुकलेला, अगदी बाबांच्या हातचा. मग तो डोळा उचलला, आरशातल्यासारखा उलटा केला आणि पलीकडे ठेवला. झाला डावा. दोन क्षणांत. मी खुर्चीतल्या खुर्चीत उडीच मारली.

काकांनी ते पान परदेशातल्या कुठल्याशा फुकट जागेवर चढवून दिलं. आता जगात कुणीही बघावं. पण मला जगाशी काय करायचं होतं? मला एकाच माणसाला दाखवायचं होतं. बाबांनी ते डोळे बघितले की ब्रश द्यावाच लागेल, असा माझा हिशोब.

ऐन हंगामात बाबांना एसटीत बसवून रोह्याला नेणं म्हणजे काय ते कारखानेवाल्यांनाच कळेल. ते सारखे हातावरचा रंग खरवडत होते. काकांनी त्यांना फिरती खुर्ची दिली, ती फिरते म्हटल्यावर बाबा उठून स्टुलावर बसले. मोडेम लागला. पान उघडू लागलं. आधी अक्षरं आली, मग चित्र वरून खाली, एकेक रेघ करत उतरायला लागलं. मुकुटाचं टोक. मुकुट. मुकुटावरचे खडे. बाबा पुढे झुकले. कपाळ आलं, गंध आलं, भुवया आल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीत मावशीने फोन उचलला. तिला शेजारणीला विचारायचं होतं, नारळ आणायचे का. लाइन एकच होती. मोडेम तुटला आणि देव भुवयांवर थांबला. खाली सगळं कोरं.

बाबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "डोळे कुठं हायत?"

"येतायत. थांबा जरा. पुन्हा लावते." लावला. लागेना. पुन्हा लावला, पलीकडे लाइन बिझी. मावशी पदराला हात पुसत दारात उभी, तिला बिचारीला काही कळेना. मी घाईघाईने म्हटलं, "बाबा, चित्र इथे याच मशीनमध्ये पण आहे. उघडते."

"इथंच हाय?" बाबा माझ्याकडे वळले. "मग इतका वेळ कोनाची वाट बघत होतो?" आणि ते उठले. तिकडे मूर्ती वाळत होत्या, एसटी चुकली तर दिवस गेला. मी त्यांच्या मागे पळाले. काय रडू आलं होतं मला! रोह्याच्या स्टँडवर मी त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिले.

एसटीने नागोठणं मागे टाकलं. गडबला एक बाई काकड्यांची टोपली घेऊन चढली, तिला जागा देताना बाबा माझ्याकडे सरकले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भुवया कोनी काढल्या?"

"मीच."

"हं." आणि ते पुन्हा हातावरचा रंग खरवडू लागले.

आमच्याकडे घरचा गणपती सगळ्यात शेवटी आखतात. गिऱ्हाइकांचे सगळे देव गेल्यावर. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी कारखाना रिकामा झाला, फळ्यांवर नुसते रंगाचे डाग राहिले, आणि मधोमध आमचा एकटा, बिनडोळ्यांचा. बाबांनी पाट माझ्याकडे सरकवला. बारीक ब्रश काळ्यात बुडवून माझ्या हातात दिला. "तिकडं दिसले नायत. हितं दाखव."

मी पाटावर बसले. उजवा डोळा काढला. पापणीची रेघ, बुबुळ, त्यातला पांढरा ठिपका. आठवडाभर माउसने गिरवलेला तो, डोळे मिटून काढला असता. मागे उभ्या बाबांचा "हं" ऐकू आला, तोही बरा होता. मी ब्रश डाव्या डोळ्याकडे नेला आणि थांबले.

मला डावा डोळा येत नव्हता.

मी तो आयुष्यात कधी काढलाच नव्हता. एक काढायचा आणि उलटायचा. उजव्याची रेघ हाताला पाठ होती, कुठून सुरू करायची, कुठे दाबायची, कुठे सोडायची. इकडे तीच रेघ उलट्या दिशेने जायला हवी आणि मनगट ऐकेना. मूर्ती फिरवून बघितली, मान वाकडी करून बघितली. आखणीच्या पाटावरून उठून मी घरातला आरसा आणायला निघाले, तर बाबा म्हणाले, "बस खाली." बसले. काढला. तीनदा काय, एकदासुद्धा मागे येता येणार नव्हतं.

डोळा वाईट नव्हता. पण उजवा समोर बघत होता आणि डावा जरासा बाजूला. मला वाटलं, बाबा आता ब्रश घेतील आणि नीट करतील. त्यांनी ब्रश घेतला, धुतला आणि डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर आई आरतीचं ताट घेऊन थबकली. देवाकडे बघितलं, मग देव जिकडे बघत होता तिकडे, म्हणजे दाराकडे बघितलं. "अगो बाय," ती म्हणाली, "ह्याला पन घरात करमत नाय वाटतं!" सगळे हसले. बाबाही हसले. मला मात्र त्या डोळ्याकडे बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. विसर्जनाला निघताना तर तो सरळ रस्त्याकडेच बघत होता, खूश असल्यासारखा.

रोह्याच्या पानावरचे डोळे एकसारखे होते. मी नंतर ते उघडून बघितलं, पुरं उतरेपर्यंत थांबले. दोन्ही डोळे सुबक. पण पहिल्यासारखी उडी काही मारावीशी वाटली नाही.

पुढच्या वर्षी आषाढात रंगकाम आटोपत आलं तेव्हा बाबांनी हाक मारली. पुढ्यात लहान मूर्तींची रांग होती, उजवे डोळे झालेले. शेजारी दुसरा पाट मांडलेला.

"डावे तू कर," ते म्हणाले. "डावेच."

मी बसले. एक झाला, दुसरा झाला, बाबा आणखी मूर्तींचे उजवे करून त्या माझ्याकडे सरकवत राहिले. आईने दारातून चहाला हाक मारली. बाबा उठले. मी आईला म्हटलं, माझा इथेच आण.