तंगुसाचा दोरा

पुतण्याने फोनवर एवढंच सांगितलं, "काका, आई गेली." सकाळचे अकरा वाजले असतील. मी ऑफिसात होतो. माझा चेहरा बघून शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णींनी विचारलं, "काय झालं? कोण गेलं?" मी म्हणालो, "माझी वहिनी." "सख्खी?" "हो, सख्खी." "इतकी वर्षं शेजारी बसतोय, पण तुम्हाला भाऊ-वहिनी आहेत हे कधी बोलला नाहीत…" ते सहज म्हणाले. गावी, नेऱ्याला जाताना रिक्षात माझ्या डोक्यात तेच वाक्य घोळत होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत 'माझी वहिनी' हे दोन शब्द मी त्या इमारतीत पहिल्यांदा उच्चारले होते, आणि तेही ती आता ऐकू शकणार नाही हे कळल्यावर. कुलकर्णींनी तर तिच्या हातचं तीनदा खाल्लं होतं. तिला नावानिशी ओळखत होते ते. फक्त ती माझी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आई जाऊन चार महिने झाले होते. मी जेवत नसे. ताटातले मासे नुसते चिवडून उठायचो. दादा रागवायचा, वडील गप्प बसायचे. वहिनीने मागच्या पडवीत कोंबड्या पाळल्या होत्या. एक दिवस तिने अंडं उकडलं, बिटाच्या पाण्यात बुडवून गुलाबी केलं आणि दादाच्या गळाचा तंगुसाचा दोरा घेतला, मासे पकडायचा तो बारीक नायलॉनचा. एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात, अंडं डाव्या तळव्यावर. वरून अर्ध्यापर्यंत चार वेळा दोरा फिरवला आणि बोटांनी हलकेच उघडलं तर अंड्याचं कमळ झालं. मध्ये पिवळ्यात हिरवी चटणी कालवून भरलेली. "हे देवाचं हाय, टाकायचं नाय," म्हणाली. मी खाल्लं. पुढचे कित्येक दिवस मी फक्त कमळच खात होतो, आणि ती रोज करत होती. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण, माझा ताप, माझे हट्ट, सगळं तिच्या हाताखाली झालं. आमच्याकडे दीर वहिनीचं नाव तोंडाने घेत नाही. मी तिला कायम 'वयनी'च म्हटलं. तिचं नाव हिरा होतं हे मला ती घरात आल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं.

२००८ साली मी नवीन पनवेलला फ्लॅट घेतला आणि साहेबांना, त्यांच्या मिसेसना आणि ऑफिसातल्या आठ-दहा जणांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. साहेब मासे-मटण खात नसत, अंडं मात्र चालायचं. मी नेऱ्याला गेलो. "वयनी, रविवारी पावणे येतायत. मासली नको. सोडे, जवळा काही नको. घरात वासही नको," मी म्हणालो. ती भाकरी थापत होती. "मग काय, नुसती अंडी? आगऱ्याच्या घरात?" तिने विचारलं. मग स्वतःच हसली. "बरं हाय. अंड्यांनाच नटवू."

शनिवारी संध्याकाळी ती आली. पत्र्याच्या डब्यात भाताच्या तुसात रोवून गावठी अंडी आणली होती, एकही तडकलं नव्हतं. रविवारी सकाळी आमच्या नव्या ओट्यावर तिने जे केलं ते मी तोवर कुठल्याही हॉटेलात पाहिलं नव्हतं. गुलाबी कमळं तर होतीच. काही अंडी उकडून, टरफलं नुसती चेचून, चहाच्या पाण्यात मसाला घालून पुन्हा उकळली. सोलल्यावर पांढऱ्यावर तपकिरी रेघांचं जाळं उठलं होतं. नारळाच्या करवंट्या घासूनपुसून त्यांत अंडं, नारळाचं दूध आणि मिरची फेटून वाफवलं. अळूची पानं अंड्यात भिजवून, गुंडाळून, कापून तळली. माझी बायको स्नेहल नुसती बघत उभी होती. मी काय करत होतो? मी वहिनीच्या लुगड्याकडे बघत होतो. कासोटा घातलेलं, गुडघ्यापर्यंतचं लुगडं. "वयनी, तू आत बस हां. वाढायला स्नेहल आहे," मी म्हणालो. "मी कुटं बाहेर नाचायला चाललेय?" ती म्हणाली.

जेवणात कमळं आल्यावर सगळे ताटांवर वाकले. साहेबांच्या मिसेस उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात गेल्या, आत पाहिलं आणि परत येऊन म्हणाल्या, "अहो, बाई फार छान मिळाल्यात तुम्हाला. कुठल्या?" उत्तर द्यायला मला श्वास घेण्याइतका वेळ मिळाला होता, आणि त्या वेळात मी विचार करूनच उत्तर दिलं, हे आज कबूल करायला हवं. मी म्हणालो, "नेऱ्याच्या." "रोज येतात?" "नाही, पार्टी असली की." "नाव काय त्यांचं?" आणि मी, ज्याने आयुष्यात ते नाव कधी उच्चारलं नव्हतं, म्हणालो, "हिराबाई." एवढ्यावर थांबलो असतो तरी… पण थांबलो नाही. बोलणं खरं वाटावं म्हणून आत हाक मारली, "हिराबाई, पाणी आणा जरा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग ती तांब्या घेऊन आली, डोक्यावर पदर घेऊन. पाणी ओतलं आणि म्हणाली, "अजून काय लागलं तर सांगा, साहेब."

स्नेहलने माझ्याकडे पाहिलं. पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "काय केलंत हे?" मी म्हणालो, वेळच तशी आली. वहिनी भांडी पुसत होती. तिने मला फक्त विचारलं, "तू जेवलास का?"

तेव्हाच पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिला पुन्हा बोलावलं, कारण लोक त्या अंड्यांची आठवण काढत होते. आणि एकदा साहेबांच्या मिसेसनी घरच्या समारंभासाठी "तुमच्या हिराबाई" मागितल्या, तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही म्हणून मी वहिनीला त्यांच्याकडे पाठवलं. माझ्या आईच्या जागी असलेल्या बाईला मी परक्या घरी स्वयंपाकाला पाठवलं. संध्याकाळी ती परत आली, हातात मॅडमनी दिलेलं उरलेल्या भाताचं प्लास्टिकचं डबडं होतं. ते तिने आमच्या ओट्यावर ठेवलं. "तुज्याकडंच राहू दे. आमच्याकडं कोण खाणार नाय," एवढंच म्हणाली. त्यानंतर मी नेऱ्याला गेलो की ती पुतण्याला सांगायची, "साहेब आले, खुर्ची दे रे." सगळे हसायचे. मीही हसायचो.

दहावं झाल्यावर मी साहेबांच्या घरी फोन केला. ते आता रिटायर झालेत. मॅडमनी उचलला. मी सगळं सांगितलं, अडखळत. मग त्या म्हणाल्या, "त्या आमच्याकडे स्वयंपाकाला आल्या होत्या ना, त्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, यांच्याकडे कधीपासून आहात? म्हणाल्या, त्यांची आई गेली तेव्हापासून. माझ्याच हातचं खाऊन मोठे झालेत, म्हणाल्या. मला वाटलं, जुन्या विश्वासातल्या बाई असतील…" वहिनीने माझं खोटं सांभाळलं होतं, आणि स्वतः एक अक्षर खोटं बोलली नव्हती.

गेल्या रविवारी कुलकर्णी भेटायला घरी आले. पुतण्याने मला वहिनीच्या कोनाड्यातला तंगुसाचा दोरा आणून दिला होता, काडेपेटीच्या काडीवर गुंडाळलेला. मी अंडी उकडली, बिटाच्या पाण्यात घातली. पहिली दोन हातातच फुटली. तिसरं कसंबसं उघडलं, वाकडं. कुलकर्णींनी बशीत बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, ही तर तुमच्या त्या हिराबाईंची…"

"ती माझी वहिनी," मी म्हणालो. "त्या दिवशी फोन आला ना, तो ती गेल्याचाच. तिनेच मला वाढवलं."

कुलकर्णींनी बशी टीपॉयवर ठेवली. ते माझ्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी बशी पुन्हा उचलली आणि ते वाकडं कमळ खाल्लं, सगळं.

ते गेल्यावर मी दोरा धुतला. त्याचं एक टोक दातांखाली चावून चावून पांढरं पडलंय, चपटं झालंय. ते मी तोंडात धरलं नव्हतं. मी दुसरं टोक धरलं होतं. चावलेलं टोक तिचं आहे… दोरा पुन्हा काडीला गुंडाळताना मी ते बाहेर ठेवलं, दिसेल असं.