डुलीचंदभाऊंच्या गळ्यातला मिस्त्री

डुलीचंदभाऊंकडे पंक्चर काढायला जायचे म्हणजे आधी बोलणी खायची. आमच्या गावातून नागऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे सायकलचे दुकान होते. "सायकल चालवता का वखर हाकता, गुरुजी?" हे माझे स्वागत. नवी ट्यूब मागितली तर तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सरकवून म्हणायचे, "जो ट्यूब फेकते, तो उद्या मायबापाले बी फेकते." माझ्या ट्यूबला रबर कमी आणि पॅच जास्त होते, पण तसे म्हणायची माझी काय बिशाद!

त्याच खर्र्याने त्यांच्या गळ्यात कॅन्सरची गाठ आणली. नागपूरला सात आठवडे रोज किरणांचा शेक आणि दर सोमवारी औषधाची सलाईन, असे ठरले. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मी सोबत गेलो. तिसऱ्या सोमवारी शेक घेऊन हे गृहस्थ गायब! शोधले, तर आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेच्या चौकीदाराची सायकल उलटी करून बसलेले.

"कायले ओरडता? शेक घेतला ना! त्या सलाईननं नुसत्या उलट्या होऊन राहिल्या."

माझे डोके फिरले. हाताला धरून त्यांना डॉक्टरीणबाईंपुढे उभे केले. बाईंनी त्यांची काळी बोटे पाहिली आणि म्हणाल्या, "शेक गाठीच्या पेशींना पंक्चर करतो, भाऊ. पण त्या पक्क्या आहेत, उद्यापर्यंत पॅच मारून पुन्हा तयार होतात. सलाईन तो पॅच चिकटू देत नाही."

"म्हणजे माह्या गळ्यात बी मिस्त्री बसला हाये?"

"तुमच्याच तालमीतला," मी म्हणालो.

भाऊंनी काळी बोटे सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "त्याचं दुकान बंद करा, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राहिलेली सलाईन घेतली आणि पुढची एकही चुकवली नाही. उलट्या व्हायच्या, मी बादली धरायचो आणि ते त्या मिस्त्रीला ठेवणीतल्या शिव्या द्यायचे. शेवटी घसा इतका सोलला की शिव्याही बंद झाल्या. तेव्हा मात्र मी घाबरलो.

शेक संपल्यावर तीन महिन्यांनी बाईंनी दुर्बिणीने गळा तपासला. "गाठ दिसत नाही. पण तपासणीला येत राहायचं," त्या म्हणाल्या.

 भाऊंनी बसक्या आवाजात विचारले, "मंग बाई, मी मरून नाही राहिलो?"

"नाही, भाऊ."

एवढा तोंडाळ माणूस, पण दाराची चौकट धरून लहान लेकरासारखा रडला. मीही रडलो.