जाळी ओढून पाहिली तेव्हा

आई फुलंब्रीहून पुंडलिकनगरला माझ्याकडं आली की चप्पल काढल्या काढल्या खाली मांडी घालून बसायची. त्या खेपेला ती बसलीच नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "अंग बाहेर येतंय गं. लई वर्सं झाली. आता बसता बी येत नाय."

ओटीपोटातले आधार सैल पडून तिची गर्भपिशवी खाली सरकली होती. जुन्या लुगड्याची घडी आत बांधून ती शेतात आणि गोठ्यात वावरत होती, आणि मला पत्ताच नव्हता.

डॉक्टरबाईंनी तपासून उपाय सांगितले. आत आधाराला रबरी कडं बसवायचं, पिशवी आतल्या पक्क्या पट्ट्यांना टाके घालून वर बांधायची, किंवा पोटातून जाळी लावून वर उचलून धरायची. जाळी कशी असते म्हणून मी विचारलं, तर त्यांनी खणातून मुदत संपलेला एक तुकडा काढून दिला. पांढरा, हलका, बोटाला किंचित खरखरीत.

आई म्हणाली, "ही तर मच्छरदाणी दिसतीय."

"ही पॉलिप्रोपिलीनची आहे," बाई म्हणाल्या.

मी चमकले. वाळूजच्या कारखान्यात मी तेच तपासते! धान्याची पोती, दोर; कुठवर ओढ सोसतात आणि कधी तुटतात ते पाहणं हे माझं रोजचं काम. पोत्याचं प्लास्टिक माणसाच्या पोटात? जात तीच, पण शरीरात घालायचं म्हणून फार शुद्ध केलेलं आणि निर्जंतुक, असं बाईंनी समजावलं. तुकडा मी मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तो मशीनच्या दोन चिमट्यांत धरला आणि हळूहळू ओढला. तुटण्याची वाट बघायची मला सवय. इथं तुटण्याच्या कितीतरी आधी वेगळंच घडलं. चौकोनी छिद्रं लांबट झाली, मग मिटली, आणि जाळीची चक्क दोरी झाली. ओढ सोडली तरी ती पहिल्यासारखी पसरली नाही. आमच्या हिशेबानं तुकडा पास होता. पण शरीराच्या हिशेबानं?

पुढच्या भेटीत मी तो बाईंपुढं ठेवला.

"बरोबर पाहिलंत," त्या म्हणाल्या. "छिद्रं मोकळी असली तर त्यातून आपलं मांस वाढतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी आत जातात. मिटली की तिथं कडक गाठ धरते, दुखतं. म्हणून ताण न देता लावावी लागते. योनीमार्गातून लावलेली जाळी काही बायकांच्या योनीच्या अस्तरातून बाहेर डोकावली, त्यांना फार सोसावं लागलं. काही देशांत तो प्रकार बंदच केलाय. पोटातून लावतात तिला हा धोका कमी, पण नाहीच असं नाही."

आईनं जाळीची ती दोरी बोटांत फिरवून पाहिली. "म्याडम, नाय मानवली तर काढता येती का?"

"अवघड असतं. मांस तिच्यातून विणलं गेलेलं असतं. पुरी निघेलच असं नाही."

"आन् टाक्यांचं?"

"धागे हळूहळू विरघळतात. पण अंग पुन्हा उतरण्याची शक्यता जाळीपेक्षा जास्त."

मला वाटलं होतं, निर्णय मी घेणार. आईनं आधी कडं मागितलं. ते तिला टोचायला लागलं, तेव्हा बाईंना टाक्यांचं ऑपरेशन करा म्हणाली. "पुन्यांदा उतरलं तर तवा बगू. जाळीला नाय म्हनत नाय मी. पर आत्ताच नको."

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर तिचा नवाच प्रश्न सुरू झाला: "धागे विरघळत्यात म्हंजी जात्यात कुठं?" मी सांगितलं, अंगातल्या पाण्यानं ते तुटत जातात, मग काही लघवीतून, काही वायू होऊन श्वासातून बाहेर पडतात. "श्वासातून?" म्हणून ती कितीतरी वेळ हसली, मग टाके दुखले म्हणून थांबली. वजन उचलायचं नाही, हे मात्र तिला रोज बजावावं लागलं.

एका दुपारी शेजारच्या भाभी विचारपूस करायला आल्या; आईला त्या खाला, म्हणजे मावशी म्हणायच्या. आईनं न लाजता सगळं सांगितलं, अगदी जाळीची दोरी होण्यापर्यंत. भाभी ऐकत राहिल्या, चहा तसाच राहिला. मग दार लोटून घेत हळूच म्हणाल्या, "खाला, मुझे भी वैसाच है. कडं बसवताना दुखतं का?"

आईनं त्यांना जवळ बसवून घेतलं आणि मला बाहेर जायला सांगितलं.